पंचावन्नची बाटली

घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या हाती पडणाऱ्या या मासिकात मद्यावरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. आम्ही सरकारी शाळेत मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसतो. त्या खुर्चीला न शोभणारे काही आमच्या हातून घडले असेलच, तर ते संध्येच्या पळीने मोजता येईल एवढेच घडले. मद्यपानाचा पुरस्कार करावा हा येथे हेतू नाही. एका जुन्या वस्तूची परीक्षा करण्यासाठी आम्हांला बोलावले होते. परीक्षकाचे काम आम्ही तीस वर्षे करीत आलो असलो तरी त्या दिवसाइतके ते जड कधी गेले नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी, गणिताचे निवृत्त शिक्षक, सासष्टीतील आपल्या जुन्या घरात राहतात. त्यांचा जन्म १९५५ चा. वडील पोर्तुगीज अमदानीत जकात खात्यात नोकरीस होते. मुलगा तीन वर्षांचा असताना, म्हणजे १९५८ साली, लिस्बनहून आलेल्या बोटीवरील एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी मुलाच्या जन्मसालाची पोर्ट वाईनची बाटली मिळवली. मूल जन्मले की त्या सालची बाटली राखून ठेवावी व ते एकवीस वर्षांचे झाले की उघडावी, ही चाल मूळची इंग्रजांची. ती या गृहस्थांच्या कानी कोठून आली कोण जाणे. बाटली दिवाणखान्यातील शिसवी कपाटात, काचसामानाच्या रांगेत, उभी ठेवली गेली. मुलगा एकवीस वर्षांचा झाला त्या १९७६ साली वडील अंथरुणाला खिळलेले होते, बाटली राहिली. १९८४ साली लग्न झाले. मांडवात माणसे तीनशे आणि बाटली एक, कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, म्हणून पुन्हा राहिली. पुढे बारसे झाले, निवृत्ती झाली. पण प्रत्येक वेळी प्रसंग त्या बाटलीएवढा मोठा वाटेना.

२०२४ च्या नाताळात त्यांची मुलगी सुटीवर आली. ही आमची एके काळची विद्यार्थिनी. गेली बारा वर्षे ती पोर्तुगालमधील पोर्तो शहरी असते व मद्य निर्यात करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. येताना तिने १९७७ सालची पोर्टची एक बाटली आणली होती. दोन्ही बाटल्या एकाच संध्याकाळी उघडू, म्हणजे घरची बाटली काय झाली आहे हे ताडून पाहता येईल, असे तिने ठरविले. आणि सरांनी आम्हांला फोन केला.

“मास्तर, तुम्ही मार्क देणारे माणूस. पोर माझी मन राखून बोलेल. तुम्ही या, आणि खरें काय तें सांगा.”

गोव्यात ‘पोर्ट वाईन’ हे शब्द कोणाला नवे नाहीत. येथील दुकानांत त्या नावाची गोड, तांबडी, स्वस्त वाईन मिळते आणि पर्यटक ती घेऊन जातात. तिचा व अस्सल पोर्टचा संबंध नावापुरताच आहे. अस्सल पोर्ट होते उत्तर पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात, पोर्तो शहराच्या पूर्वेला शंभरएक किलोमीटर आत. तेथील डोंगर पाटीच्या दगडासारख्या पापुद्र्यांच्या खडकाचे. उन्हाळा असा कडक की तेथील लोक आपल्या मुलखाचे वर्णन ‘नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक’ असे करतात. तो खडक फोडून, दगडी बांध घालून, पायऱ्या पायऱ्यांच्या शेतांत द्राक्षवेल लावलेले असतात. पावसाचे पाणी खडकाच्या फटींत मुरते, मुळे त्याच्या मागोमाग खोल उतरतात, आणि वेल त्या उन्हात तग धरतो. २००१ साली युनेस्कोने हा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत घातला.

हे मद्य जन्मले पोर्तुगीजांच्या भूमीत, पण वाढले इंग्रजांच्या तृष्णेवर. फ्रान्सशी वैर जडल्यामुळे इंग्रजांना फ्रेंच वाईन महाग व दुर्मीळ झाली. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाईनवरील जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवली गेली, आणि इंग्रज व्यापारी पोर्तोत ठाण मांडून बसले. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. फिक्या वाईनला रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झाडाची काळी फळे तीत कुस्करू लागले. तेव्हा पोंबालचा मार्किस पुढे सरसावला. जेझुइटांना गोव्यासह सर्व पोर्तुगीज मुलखातून ज्याने १७५९ साली हुसकले, तोच हा करडा मंत्री. १७५६ साली त्याने एक कंपनी स्थापून दोरूच्या द्राक्षभूमीची हद्द ठरवून दिली आणि पुढे त्या हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले. एल्डरची झाडे तर त्याने मुळापासून उपटवली! भेसळीवर इतका मुळाशी जाणारा इलाज आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

पोर्टला पोर्टपण येते ते एका विघ्नामुळे. द्राक्षे दगडी हौदांत घालून पायांनी तुडवितात. उत्तम पोर्टसाठी अजूनही काही ठिकाणी ही चाल आहे, कारण मनुष्याच्या पायाखाली साल चिरडते पण बी फुटत नाही, आणि बीमधला कडूपणा रसात उतरत नाही. रस आंबू लागला की त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होत जाते. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर सरली की तो रस काढून त्यात सुमारे सत्त्याहत्तर टक्के तीव्रतेचा द्राक्षाचा अर्क ओततात, चार भाग रसाला एक भाग. त्याबरोबर किण्व मरते, आंबण्याची क्रिया तेथेच थांबते, आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट एकाच वेळी गोड आणि जहाल, वीस टक्क्यांच्या आसपास मद्यार्काची, असते.

या अर्क ओतण्याविरुद्ध दोरूच्या काठीच एक इंग्रज उभा राहिला होता. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा स्वतः पोर्टचा व्यापारी. त्याने नदीचा सुंदर नकाशा काढला, पोर्तुगालच्या राजाकडून बॅरन ही पदवी मिळविली, आणि १८४४ साली एक पत्रक छापून सांगितले की चांगल्या वाईनला अर्काची गरजच नसते. सगळे व्यापारी त्याच्यावर तुटून पडले. १८६१ साली व्हालेराच्या घळीत त्याची होडी उलटली आणि तो बुडाला. त्याच होडीत दोना आंतोनिया फेरैरा ही मोठी बागायतदार बाई होती, ती वाचली. तिच्या फुगीर घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवले आणि फॉरेस्टरला त्याच्या कमरेच्या पैशांच्या पट्ट्याने तळाशी नेले, अशी आख्यायिका तिकडे आजही सांगतात. माणूस सज्जन होता, पण काळाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. अर्कावाचूनच्या पोर्टची आज कल्पनाही करता येत नाही.

पुढे हे मद्य पिंपांत भरतात. भाषेचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे थांबल्यावाचून राहवत नाही. आपल्या मराठीतला ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलेला, आणि दोरूकाठी ‘पीपा’ हे सुमारे साडेपाचशे लिटरचे पोर्टचेच माप आहे. पाण्याचे पिंप म्हणताना आपण नकळत मद्याचे माप उच्चारीत असतो.

पिंपातून वाट दुभंगते. काही पोर्ट लाकडातच वर्षानुवर्षे राहते. लाकडातून हवा लागून ते पिंगट होते व त्याला सुक्या मेव्याची चव येते. पण एखाद्या सालचे पीक विशेष उतरले, तर व्यापारी त्याचा नमुना पोर्तोच्या सरकारी मद्यसंस्थेपुढे ठेवतात आणि मान्यता मिळाल्यावर ते साल ‘व्हिन्टेज’ म्हणून घोषित करतात. असे दहा वर्षांत साधारण तीनदा घडते. १९४५, १९५५, १९६३, १९७७, १९९४, २०११ ही त्यांतील नामांकित साले. हे मद्य दोन वर्षे लाकडात ठेवून, न गाळता, बाटलीत बंद करतात. त्याचे खरे आयुष्य मग काचेत, अंधारात, जवळजवळ हवेवाचून जाते. तरुणपणी ते पिकल्या जांभळाच्या रसासारखे काळेजांभळे व जीभ आखडून टाकील असे तुरट असते. वर्षे लोटतात तशी तुरट द्रव्ये व रंगद्रव्ये एकमेकांना चिकटून जड होतात आणि साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. म्हातारपणी ते निवळते, हे शब्दशः खरे आहे. आपल्या वैद्यकातही आसव-अरिष्टे जुनी झालेली श्रेष्ठ मानतात, आणि द्राक्षासव तर आमच्या आजीच्या फडताळात कायम असे.

मात्र याला एक अट आहे. बाटली आडवी, अंधारात, बारा ते पंधरा अंश उष्णतेच्या तळघरात असली पाहिजे. आडवी अशासाठी की बूच भिजलेले राहावे. आणि वर कोणती बाजू होती हे कळावे म्हणून पूर्वी बाटलीवर चुन्याचा एक पांढरा फटकारा मारीत. आता आमच्या सरांचे शिसवी कपाट आठवा. पश्चिमेच्या भिंतीला लागून, गोव्याच्या उकाड्यात, सहासष्ट वर्षे उभी बाटली! उकाड्याने आतला द्रव फुगतो आणि बुचाच्या कडेने पाझरतो; गारव्यात आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. बाटली जणू श्वास घेऊ लागते, आणि वाईनला श्वास घेणे परवडत नाही.

त्या संध्याकाळी मुलीने १९७७ ची बाटली आधी उघडली. बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती, म्हणजे साका तळाशी बसावा. मेणबत्ती लावून तिच्या उजेडात बाटलीची मान पाहत पाहत, मलमलीच्या फडक्यातून, तिने मद्य काचेच्या सुरईत संथपणे ओतले. साक्याची पहिली काळी रेघ मानेशी आली तोच हात थांबविला. मग दोन तास ते तसेच ठेवले. आम्ही चहा घेतला.

प्रथम पाहायचे. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरून मध्यभाग आणि कड न्याहाळायची. मध्ये डाळिंबी, कडेला विटकरी झाक. सत्तेचाळीस वर्षांच्या पोर्टला हे शोभेसे होते. नंतर हुंगायचे, आधी पेला न हलविता आणि मग गोल फिरवून. येथे आमची पंचाईत झाली. मुलीने वहीत टिपलेले शब्द वाचून दाखविले, प्लम, सिगारची पेटी, व्हायोलेट. आम्ही व्हायोलेटचे फूल जन्मात हुंगलेले नाही, आणि न हुंगलेल्या फुलाची साक्ष काढणे म्हणजे न वाचलेल्या पुस्तकाचा अभिप्राय लिहिण्यासारखे. डोळे मिटून पुन्हा हुंगले. काळ्या मनुका होत्या, सुके अंजीर होते. आणि त्यांच्याही मागे, अगदी अंधुक, सुकलेली बकुळ होती. गोव्यात तिला ओवळां म्हणतात. गळ्यातला वळेसार चार दिवसांनी सुकतो तरी वास सोडत नाही, तो वास.

“ओवळां, सर! हांव बारा वर्सां तो वास सोदतां,” मुलगी म्हणाली, आणि तिने वहीत व्हायोलेटवर काट मारून देवनागरीत ते लिहिले.

चव पाहताना मात्र आपली जुनी षड्रस-विचारणा फार उपयोगी पडते. (जाता जाता सांगावेसे वाटते की वैद्यकात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, आपण मराठीत ‘कटू सत्य’ म्हणतो तेव्हा शब्दाची चव बदलून बसलेलो असतो.) आधी मधुर रस जिभेच्या शेंड्याशी. मग आम्ल, जेमतेम. पण ते नसते तर सगळे काकवीसारखे लिबलिबीत झाले असते. मग घशाशी अर्काची ऊब, आणि शेवटी हिरड्यांवर कषाय, म्हणजे तुरट रस, आवळा खाल्ल्यावर राहतो तसा, पण मऊ. परीक्षेचे मर्म येथे आहे. हे चार वेगवेगळे उभे आहेत की एकजीव झाले आहेत? साखर पुष्कळ दोष झाकते, म्हणून गोडीला भुलून गुण देऊ नयेत; अर्काचा चटका निराळा जाणवू लागला, तर फळाचा जीव संपत आला असे समजावे. घोट गिळल्यावर मागे राहते त्याला वैद्यक अनुरस म्हणते. तो किती टिकतो हे मोजायला सरांनी मनगटावरचे घड्याळ पुढे धरले. पन्नास सेकंदांनंतरही अंजीर जिभेवर होते. आम्ही शंभरपैकी एक्क्याण्णव दिले. मराठीच्या पेपरात एवढे गुण आम्ही सहसा देत नाही.

मग पंचावन्नची बाटली आली. लेबल झुरळांनी व कसरीने केव्हाच खाल्ले होते. मद्य बाटलीच्या मानेत असायला हवे, ते खांद्याच्याही खाली उतरले होते. बूच दोन तुकड्यांत निघाले. एका बाजूने पाझराची काळी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली. अशा मद्याच्या बुचावर साल डागलेले असते. त्या भिजक्या तुकड्यावर ‘५५’ हे आकडे अजून वाचता येत होते, आणि सरांनी ते बोटाने दोनदा चाचपले. इतके जुने मद्य सुरईत फार वेळ टिकत नाही, म्हणून ओतल्याबरोबर पेले भरले.

रंग चहासारखा. सत्तरीच्या वयाला तो दोष मानू नये. पण वास! आधी नखांच्या रंगाचा, मग शिरक्याचा. आम्ही पेला खाली ठेवला. सर आमच्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून पुन्हा उचलला. पाव तासाने शिरक्याच्या आडून मनुकांचा एक वास आला, स्पष्ट, ओळखीचा. मुलीलाही तो आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पाच-सात मिनिटे तो राहिला आणि मग परत आला नाही. चवीत गोडी उरलेली होती, पण एकटी, निराधार. आंबटपणा तिला कापीत होता आणि अर्क उघडा पडला होता. अनुरसात फक्त जळकट साखर.

“गोडी आहे अजून, पपा,” मुलगी म्हणाली.

सर आमच्याकडे वळले. मन राखण्यासारखी दहा वाक्ये आमच्या जिभेवर होती. वय झाले की असे चालायचेच, हे त्यांतले सर्वांत सोपे. पण ते खोटे होते. १९५५ ची पोर्ट नीट ठेवली तर आजही उत्तम लागते. ही वाईन वयाने गेली नव्हती, कपाटाने गेली होती.

“सर, ही गेली,” आम्ही म्हणालो. “शंभरात वीस देतो, तेही त्या पाच मिनिटांसाठी.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मुलीला विचारले, “शहात्तर साली कशी असती?” तिला उत्तर द्यायचे नव्हते. त्यांनी पुन्हा विचारले, मुलांना फळ्याजवळ उभे करून विचारीत तशा आवाजात. “बहुधा चांगली असती, पपा. चौऱ्याऐंशीतही बरी असती कदाचित.” सरांनी मान हलविली, आपला पेला काठोकाठ भरला, आणि घोट घोट करून सगळा संपविला. तोंड मात्र वाकडे केले नाही. दुसरा पेला त्यांनी घेतला नाही.

सुरईत अर्ध्याहून अधिक उरले होते. ते फेकावे असे मुलीचे मत पडले. सरांच्या पत्नी आतून आल्या, सुरई नाकाशी नेली, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. विंदालू हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘वाईन आणि लसूण’ या जोडीवरून आला. येथे वाईनच्या जागी माडाचा शिरका वापरू लागले, त्याला कितीतरी काळ लोटला. त्या घरी त्या रात्री मसाल्याला बऱ्याच वर्षांनी वाईन मिळाली. आम्ही शाकाहारी, म्हणून त्याविषयी मत देण्याचा आम्हांला अधिकार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. त्यांनी ऐंशी दिले होते.